फाईल चुकून सोसायटीच्या ग्रुपवर गेली

ताई, मी सोलापुरात होम लोनची कामं करतो. दोन बँका आणि एका हाउसिंग फायनान्स कंपनीसाठी महिन्याला सात-आठ फाइली लॉगिन होतात, म्हणजे कर्जाचे अर्ज दाखल होतात. जुळे सोलापुरात छोटं ऑफिस आहे, मी आणि कामाला एक मुलगी. मागच्या आठवड्यात पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखानदारांची फाईल बँकेच्या साहेबांना व्हॉट्सॲपवर पाठवत होतो. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. साहेबांचा चॅट आणि आमच्या सोसायटीचा ग्रुप एकाखाली एक पिन केलेले. बोट चुकलं आणि फाईल ग्रुपवर गेली. आधार, पॅन, तीन वर्षांचे आयटीआर (प्राप्तिकर विवरणपत्रं), बारा महिन्यांचं स्टेटमेंट, जागेचं खरेदीखत, सगळं एकाच पीडीएफमध्ये. ग्रुपवर ८६ जण. वीस मिनिटांनी लक्षात आलं. पुसण्याआधी इन्फोमध्ये बघितलं तर १९ जणांनी मेसेज पाहिलेला. नंतर कोणी काही बोललं नाही. अण्णांना अजून सांगितलं नाही. बायको म्हणते, झालं गेलं, कशाला उकरून काढता, गिऱ्हाईक जाईल. पण झोप लागत नाही. बँकेचे साहेब तर आजही म्हणतात, 'व्हॉट्सॲप करून टाका, लवकर होईल.' अण्णांना सांगू का? आणि इथून पुढे कागद पाठवायचे तरी कसे?
– जुळे सोलापूर येथील एक वाचक

दादा, सांगा. आजच सांगा, आणि फोनवर नको, कारखान्यावर जाऊन सांगा.

पत्रात तुम्ही हा प्रश्न शेवटी विचारलात. मी उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. त्या फाइलीतून उद्या अण्णांचं काही नुकसान झालंच, तर ते थांबवण्यासाठी हालचाल करू शकणारा माणूस एकच, स्वतः अण्णा. आधारचं कुलूप त्यांनाच लावता येतं, बँकेला तेच कळवू शकतात, आलेला खोटा फोन तेच ओळखू शकतात. आणि नेमकं त्यांनाच काही माहीत नाही. तुम्ही गप्प बसलात तेवढे दिवस त्यांच्या हातातून गेले. गिऱ्हाईक जाईल ही भीती मला समजते. पण अण्णांना हे तुमच्याकडून न कळता सोसायटीतल्या एखाद्या माणसाकडून कळलं, तर ते एकटे जाणार नाहीत. पूर्व भागात एका कारखान्यात झालेली गोष्ट दुसऱ्या कारखान्यात पोचायला किती वेळ लागतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

जाण्याआधी एक काम करा. ग्रुपवर साधा मेसेज टाका: 'अमुक दिवशी माझ्याकडून चुकून एक फाईल इथे आली होती. ती एका व्यक्तीची खासगी कागदपत्रं आहेत. फोनमध्ये उतरली असेल तर कृपया पुसा आणि मला कळवा.' अण्णांचं नाव घालू नका. इन्फोमध्ये पाहिलेली जी नावं आठवतात त्यांना एकेक फोन करा. बहुतेकांनी फाईल उघडलीही नसेल, मेसेज नजरेखालून गेला असेल इतकंच. पण पुष्कळांच्या फोनवर वायफाय असलं की फाइली आपोआप उतरतात. 'डिलीट फॉर एव्हरीवन'ने चॅटमधली फाईल जाते. मधल्या वीस मिनिटांत कोणी ती उघडून वेगळी ठेवली असेल किंवा पुढे पाठवली असेल, तर त्या प्रतीपर्यंत तुमचा हात पोचत नाही. अण्णांनाही हे असंच सांगा. 'पुसलंय, काळजी नको' असं म्हणू नका, कारण ते पूर्ण खरं नाही.

आता त्या पीडीएफमध्ये काय होतं ते एकदा पानं उलटून बघू. तुम्ही रोज अशा फाइली हाताळता, आणि रोजच्या हाताळण्याने त्यातला माणूस दिसेनासा होतो. बँकेच्या कर्ज विभागात पंचवीस वर्षं काढल्यावर हे मी अनुभवाने सांगते.

आधार आणि पॅन तर आपण सगळेच जपून ठेवण्याच्या गोष्टी करतो. स्टेटमेंटचं काय? कारखानदाराच्या चालू खात्याच्या बारा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये त्याचा सगळा धंदा उघडा असतो. सूत कोणाकडून घेतो, किती दिवसांच्या उधारीवर घेतो, टॉवेलचा माल कोणत्या गावच्या व्यापाऱ्याला जातो, कोणाचा चेक परत आला. त्याखाली हॉस्पिटलचं बिल, मुलीच्या कॉलेजची फी, भावाला दर महिन्याला जाणारे पैसे. ८६ जणांत एखादा दुसरा कारखानदार असेल तर त्याला अण्णांच्या आधार क्रमांकाशी काही देणंघेणं नाही, ही पानं मात्र तो लक्ष देऊन वाचेल.

आणि खरेदीखत. इथे मला जरा थांबायचंय, कारण या कागदाकडे कोणी खासगी माहिती म्हणून बघत नाही. दुय्यम निबंधकांकडे नोंदलेल्या दस्ताच्या शेवटच्या पानांवर दोन्ही बाजूंचे फोटो, सह्या आणि अंगठ्याचे ठसे असतात. ओळख पटवणाऱ्या माणसांचेही असतात. मागे त्यांच्या आधार-पॅनच्या झेरॉक्स जोडलेल्या असतात. म्हणजे तुमच्या एका चुकीच्या बोटाने फक्त अण्णांची माहिती गेली नाही. त्यांना जागा विकणाऱ्याची गेली आणि मैत्रीखातर सही करायला आलेल्या दोन ओळखदारांचीही गेली. त्यांना तर अण्णांनी कर्जासाठी अर्ज केलाय हेही माहीत नसेल.

ठसा दिसतो कागदावर, पण आधारशी जोडलेल्या खात्यातून बँकेच्या किऑस्कवर, म्हणजे छोट्या सेवा केंद्रावर, पैसे काढायला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढंच लागतं. दस्तांवरच्या ठशांवरून रबरी किंवा सिलिकॉनची बोटं बनवून लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे आपल्या देशात उघडकीला आले आहेत. आधार क्रमांक आणि ठसा एकाच पीडीएफमध्ये ठेवून पाठवणं म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत घालून देणं. तुम्ही स्कॅन चांगल्या दर्जाचा केला असेल, कारण अस्पष्ट स्कॅन बँक परत पाठवते. तोच स्पष्टपणा इथे नडतो.

म्हणून अण्णांकडे गेल्यावर पहिलं काम आधारचं बायोमेट्रिक लॉक. आधारच्या ॲपवरून किंवा युआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावरून ते लावता येतं, पैसे लागत नाहीत, आणि गरज पडेल तेव्हा उघडता येतं. त्यानंतर कोणी ठसा चोरून आणला तरी तो चालत नाही. दुसरं, क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही एकदम काढू नका. आज एक काढा, दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या संस्थेचा काढा. पॅनवर अण्णांनी न मागितलेली चौकशी किंवा न घेतलेलं कर्ज दिसलं तर लगेच लेखी हरकत घ्यायची. तिसरं, केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दिसतं. तेही एकदा बघून घ्या.

पण सगळ्यात आधी येईल तो फोन. 'अण्णा, तुमचं अमुक लाखांचं कर्ज मंजूर झालंय, अमुक शाखेतून बोलतोय, प्रोसेसिंग फी एवढी भरा म्हणजे उद्या चेक निघेल.' कर्जाचा आकडा बरोबर, जागेचा पत्ता बरोबर, खात्याचे शेवटचे चार आकडे बरोबर. एवढं बरोबर सांगणाऱ्यावर कोण अविश्वास दाखवेल? अण्णांना स्पष्ट सांगा की या फाइलीतली माहिती दाखवून कोणी पैसे मागितले, लिंक पाठवली किंवा ॲप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवायचा आणि तुम्हाला किंवा शाखेत त्यांच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा. कोणाचाही 'नवा खाते क्रमांक' मेसेजने आला तरी तेच, समोरासमोर खात्री केल्याशिवाय एक रुपयाही हलवायचा नाही. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच क्षणी फोन. पहिल्या तासात कळवलं तर पैसे मधेच गोठवता येण्याची शक्यता बरीच असते.

बँकेलाही लेखी कळवा, ई-मेलने, तारीख-वेळेसह. तुमच्या करारात गोपनीयतेचं कलम असणारच. तो करार सही करताना वाचला नसेल तर आता काढून वाचा. कायद्याचं थोडक्यात सांगते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मध्ये आणि २०११च्या नियमांत बँक खात्याची माहिती, बायोमेट्रिक या गोष्टी संवेदनशील धरल्या आहेत, आणि ती नीट न सांभाळल्यामुळे कोणाचं नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते. हे फक्त मोठ्या कंपन्यांसाठी नाही, एकट्या मालकाचा व्यवसायही त्यात येतो, म्हणजे तुम्ही येता. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम यांतली मुख्य बंधनं मे २०२७ पासून लागू होतील. त्यात माहिती फुटली की ज्याची फुटली त्याला विनाविलंब कळवणं बंधनकारक आहे, आणि सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत जाते. तुमच्यासारख्यावर एवढा दंड बसेल असं मी म्हणत नाही. पण 'सांगू का' हा तुमचा प्रश्न कायद्याने निकालात काढलाय, आणि मला तो निकाल योग्य वाटतो.

आता पुढचं. कागद पाठवायचे कसे?

त्याआधी एक आठवण सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत मी मुलाला भाजलेल्या शेंगा घेऊन दिल्या. पुडी सोडली तर आतला कागद कर्जाच्या अर्जाचा. अर्जदाराचं नाव, पगार, घरचा पत्ता, आणि खाली 'मूळ प्रत पाहिली' या शिक्क्यावर माझी स्वतःची सही. नामंजूर झालेले अर्ज शाखेने रद्दीत घातले होते. मी शेंगा रुमालात घेतल्या, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यानंतर आमच्या शाखेतले अर्ज फाडल्याशिवाय बाहेर गेले नाहीत. तो कागद मी परत आणू शकले, कारण तो एकच होता. तुमच्या पीडीएफच्या किती प्रती आज कुठे कुठे आहेत, मोजा बरं. अण्णांच्या फोनमध्ये. तुमच्या फोनमध्ये, गॅलरीत, गूगलच्या बॅकअपमध्ये. ऑफिसातल्या मुलीच्या फोनमध्ये, कारण स्कॅन तिनेच केला असणार. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर 'डाउनलोड्स'मध्ये, आणि तिथेच उघड्या राहिलेल्या व्हॉट्सॲप वेबमध्ये. खालच्या झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर, कारण प्रिंट तिथूनच काढली असणार. साहेबांच्या खासगी फोनमध्ये. सोसायटीच्या ग्रुपवर फाईल गेली ती चूक. ही बाकीची सहा-सात ठिकाणं मात्र चूक नाहीत, तुमची रोजची पद्धत आहे. मला जास्त काळजी त्या पद्धतीची वाटते.

व्हॉट्सॲप वाईट आहे असं मी म्हणणार नाही. जाताना मधे कोणी वाचू नये याची सोय त्यात चांगली आहे. अडचण फाईल पोचल्यानंतरची आहे. ती पडून राहते, आणि पुढे ढकलायला एक बोट पुरतं.

तेव्हा पहिली गोष्ट, कमी पाठवा. पार्टी पहिल्यांदा भेटली की तुम्ही लोक सगळी फाईल एकदम गोळा करता आणि सगळी पुढे पाठवता. किती कर्ज बसेल एवढं बघायला साहेबांना आयटीआरचे आकडे आणि चालू हप्ते पुरतात. ते तुम्ही फोनवर वाचून दाखवू शकता. खरेदीखत, आधीचे दस्त, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बांधकाम परवाना हे बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांना सर्च रिपोर्टसाठी, म्हणजे जागेची मालकी तपासायला, लागतं, तेही फाईल लॉगिन झाल्यावर. आकडे बसलेच नाहीत तर दस्त कोणाकडे जायचं कारणच उरत नाही. आणि एक फाईल चार ठिकाणी फिरवायची सवय असेल तर सोडा. जिथे मंजूर होईल असं वाटतं तिथे आधी विचारा, मग एका ठिकाणी द्या. चार चौकश्यांनी पार्टीचा सिबिल स्कोअरही उगाच उतरतो.

दुसरी, आधार झाकलेलं द्या. युआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार निघतं, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चार दिसतात. साहेब म्हणतील पूर्ण हवं. तेव्हा नम्रपणे सांगा की जिथे आधारची ऑनलाइन पडताळणी होत नाही तिथे ग्राहकाने क्रमांक झाकूनच द्यायचा, आणि बँकेनेच ते बघायचं, असं रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत आहे. पडताळणी करायची असेल तर ती पार्टी स्वतः बँकेच्या पानावर ओटीपी टाकून करेल, त्यासाठी तुमच्या फोनमध्ये आधारची प्रत लागत नाही. दस्ताला जोडलेल्या विकणाऱ्याच्या आणि ओळखदारांच्या आधारवरचे आकडेही झाका. पण झाकताना सांभाळा. पीडीएफवर काळी पट्टी नुसती वर ठेवली तर खालचे आकडे तसेच राहतात आणि कॉपी करून वाचता येतात. झेरॉक्सवर काळ्या मार्करने झाका, मग त्या झेरॉक्सचा स्कॅन घ्या. जुनी पद्धत आहे, पण फसत नाही. प्रत्येक प्रतीवर आडवं लिहा, 'फक्त अमुक बँकेच्या गृहकर्जासाठी', तारीख आणि सही.

स्टेटमेंटवर मात्र पट्टी मारू नका. बँक ते फेरफार धरेल आणि फाईल परत येईल. स्टेटमेंटसाठी चांगला रस्ता आहे तो अकाउंट ॲग्रिगेटरचा. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारी ही सोय २०२१ पासून सुरू आहे. पार्टी आपल्या फोनवर संमती देते, कोणत्या खात्याची, किती महिन्यांची, कशासाठी, आणि माहिती तिच्या बँकेतून थेट कर्ज देणाऱ्या बँकेत जाते. मधे तुम्ही नाही, मी नाही, झेरॉक्सवाला नाही. तुम्ही ज्यांचं काम करता त्या बँकांत ही सोय आहे का ते विचारा.

बाकीचे कागद बँकेच्या अपलोड लिंकवरून द्या. लिंक नसेल तर ई-मेल, पण साहेबांच्या बँकेच्या पत्त्यावर, त्यांच्या खासगी पत्त्यावर नाही. पीडीएफला पासवर्ड घाला आणि तो फोनवर बोलून सांगा. ई-मेल आणि पासवर्ड एकाच वाटेने पाठवले तर पासवर्डचा उपयोग काय? जन्मतारीख, पॅन, मोबाईल क्रमांक यांपैकी काहीही पासवर्ड म्हणून नको. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतोच म्हणून निर्धास्त राहू नका, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल हे सूत्र सगळ्या देशाला पाठ आहे. फाइलीचं नाव 'अमुक यांचं आधार-पॅन' असं ठेवू नका, तुमचा लॉगिन क्रमांक ठेवा. पत्ता पूर्ण टाइप होण्याआधीच ई-मेल दुसरं नाव सुचवतो. 'सेंड' दाबण्यापूर्वी तो एकदा मोठ्याने वाचा. आणि पीडीएफ जोडायला, लहान करायला किंवा पासवर्ड घालायला कुठल्याही फुकट संकेतस्थळावर चढवू नका. बँकेला द्यायच्या आधीच ती फाईल अनोळखी माणसाला दिल्यासारखं होतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या वर्ड किंवा लिबर ऑफिसमधून पासवर्डची पीडीएफ निघते, इंटरनेट लागतच नाही. स्कॅनच्या ॲपचंही तसंच. कॅमस्कॅनरवर सरकारने जून २०२० मध्ये बंदी घातली, तरी काही जुन्या फोनमध्ये ते अजून दिसतं. मुलीच्या फोनमध्ये असेल तर काढा. तिला कामासाठी ऑफिसचा वेगळा फोन द्या, तिच्या आणि पार्टीच्या दोघांच्याही भल्यासाठी.

झेरॉक्सच्या दुकानात जावंच लागलं तर पेनड्राइव्ह न्या आणि प्रिंट झाल्यावर त्यांच्या कॉम्प्युटरवर फाईल राहिली नाही ना, ते उभं राहून बघा. सात रस्त्याला असो की कोर्टाजवळ, कुठलाही दुकानदार वाईट मनाने फाइली ठेवत नाही. त्याच्या फोनमध्ये त्या साठत जातात आणि एक दिवस तो फोन सेकंडहँड विकला जातो.

काम झालं की पुसा. कर्जाची रक्कम मिळाल्यावर, गहाणखताची किंवा नोटीस ऑफ इंटिमेशनची (गहाणाची निबंधकांना दिलेली सूचना) नोंद झाल्यावर तुमच्याकडे पार्टीचं नाव, फोन, लॉगिन क्रमांक आणि कमिशनचा हिशोब यापलीकडे काय लागतं? 'टॉप-अपला (त्याच कर्जावर वाढीव कर्ज) उपयोगी पडेल' म्हणून ठेवलेली आधारची प्रत ही पार्टीची वस्तू आहे. टॉप-अप घेताना ती पुन्हा देईल. नामंजूर झालेल्या फाइली तर त्याच आठवड्यात पुसा. महिन्याचा एक दिवस ठरवा आणि गॅलरी, डाउनलोड्स, ई-मेलची 'सेंट' पेटी, फोनचा बॅकअप आणि कचरापेटी एकेक उघडून साफ करा. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर तिथूनच लॉगआउट करा. सोसायटीचा ग्रुप कामाच्या फोनवर नकोच.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मला ती सांगायचीच आहे, कारण तुमच्या व्यवसायात ती सर्रास चालते. आधार डाउनलोड करायला पार्टीला फोन करून ओटीपी मागणं. 'अक्का, आत्ता मेसेज येईल, तेवढा नंबर सांगा.' विडी वळणाऱ्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर घर मिळतंय. त्यासाठी तिने विश्वास ठेवला तो तुमच्यावर. तिला फोन वापरायला तुमच्यामुळे शिकायला मिळालं, आणि पहिला धडा काय मिळाला? साहेबांनी मागितला की ओटीपी सांगायचा. पुढच्या महिन्यात दुसरा कोणी 'साहेब' फोन करेल. ती सांगेल. तिचा काही दोष नाही, तिला तसं शिकवलंय. म्हणून ओटीपी तुम्ही कधीच मागू नका. दहा मिनिटं जास्त जातील, तिच्या शेजारी बसा, तिचाच मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना बोलवा, आणि आकडे तिच्या हातून टाकू द्या. दरवेळी म्हणा, 'अक्का, हा नंबर मलासुद्धा सांगायचा नसतो.'

साहेबांच्या घाईचं काय करायचं, तेही सांगते. पहिल्या दोन-तीन वेळा त्यांना त्रास वाटेल. 'व्हॉट्सॲप करून टाका' असं म्हणाले की तुम्ही म्हणा, 'साहेब, तुमच्या बँकेच्या मेलवर पाच मिनिटांत पाठवतो, पासवर्ड फोनवर देतो.' महिनाअखेरीला टार्गेटच्या दिवसांत ते चिडतील, तरी पद्धत बदलू नका. कागद फुटले तर खुलासा त्यांनाही द्यावा लागतो, हे त्यांनाही ठाऊक असतं.

अण्णांकडे जाताना सकाळी लवकर जा, सूतवाले आणि व्यापारी यायच्या आत. आधी काय झालं ते सांगा, वीस मिनिटं आणि १९ जण हे आकडेही सांगा, मग माफी मागा. ते रागावले तर ऐकून घ्या, मधे कारणं देऊ नका. त्यांचा मोबाईल आधारला जोडलेला आहे का विचारा. असेल तर लॉक तिथेच बसून लावा, फोन त्यांच्या हातात, तुम्ही फक्त सांगायचं. नसेल तर आधार केंद्रात जाऊन नंबर जोडावा लागेल. त्या दिवशी अण्णांना तुमच्या गाडीवरून घेऊन जा. आणि विकणाऱ्याला आणि दोन्ही ओळखदारांना कळवायचं राहिलंय, त्यांचे नंबर अण्णांकडून मागून घ्या.